तेवीस किलोंचा धर्म

एप्रिल उजाडला की आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीतले ज्येष्ठ नागरिक एकेक करून कमी व्हायला लागतात. दचकू नका, सगळे सुखरूप असतात. कुणी एडिसनला, कुणी टोरांटोला, कुणी लंडनजवळच्या कुठल्याशा गावी लेकाकडे नाहीतर लेकीकडे गेलेले असतात. हास्यक्लबात हसायला चौघं उरतात, भिशी पुढे ढकलली जाते, आणि अख्ख्या गल्लीतल्या तुळशींना पाणी घालायचं काम ज्या एका बाईचा मुलगा सातपूरलाच नोकरीला आहे तिच्यावर येऊन पडतं. मग ऑक्टोबर संपता संपता, नांदूर मधमेश्वरला परदेशी पक्षी उतरायच्या सुमारास, हे आपले देशी पक्षी परततात. पायांत पांढरेशुभ्र बूट आणि तोंडात "तिकडे ना..." अशी सुरुवात.

"काय केलंत सहा महिने?" असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही हो, नातवंडांत दिवस कसे गेले कळलंच नाही." या विनयावर जाऊ नका. मी स्वतः जाऊन आलेली बाई आहे. ही मंडळी मिशनवर जातात. पगार नाही, भत्ता नाही, गुडघ्याला पट्टा, रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि सोबत धर्म, तोही तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगांत कोंबून बसवलेला.

नाशिकला मिशनरी नवे नाहीत. पूर्वी ते इकडे यायचे, एवढाच फरक. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक १८३२ साली इथे आले. जरा डोळ्यांपुढे आणा. खाली रामकुंड, वर काळाराम, घाटावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सबंध हिंदुस्थानच्या वंशावळी, आणि मधोमध एक घामाघूम गोरा साहेब सांगतोय की मंडळी, तुमचं जरा चुकतंय. कोंडाजीच्या गावात येऊन चिवडा विकण्यासारखंच की हे! गिऱ्हाईक बेताचंच मिळालं. पुढे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे गृहस्थ आले. त्यांनी नुसत्या प्रवचनावर भिस्त ठेवली नाही. हातांना कामधंदा शिकवणारी शाळा चालवली आणि १८५०च्या दशकात शरणपूर हे गाव वसवलं. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमारानं गुलामांची जहाजं पकडली की सुटका झालेली आफ्रिकन मुलं या शरणपुरात यायची. १८६५ साली आफ्रिकेचा शोध घेणारा खुद्द लिव्हिंग्स्टन नाशिकला येऊन आपल्या मोहिमेसाठी इथली मुलं घेऊन गेला. १८७३ साली तो आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याचा देह ज्यांनी शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला, त्यांत नाशिकच्या शाळेतले तरुण होते. त्यांतला जेकब वेनराइट शवपेटीबरोबर लंडनला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीत त्यानं खांदाही दिला. शाळेत मला लिव्हिंग्स्टन होता, नाशिकही होतं, पण दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

प्राइससाहेब १८७४ साली मोंबासाला रवाना झाले. तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन ही वसाहत उभी केली. यानंतर माणसानं इंग्लंडात गुलाब लावत बसावं की नाही? पण साठीच्या घरात पुन्हा बोलावणं आलं आणि गडी तिसऱ्यांदा आफ्रिकेत हजर. या फेरीवर त्यांनी १८९० साली पुस्तक काढलं, त्याच्या नावातच 'माझी तिसरी मोहीम' असं आहे. साठीला तिसरी मोहीम! आमचे हे साठीला पहिल्यांदा विमानात बसले आणि पट्टा सोडायची खूण झाल्यावरही सहा तास बांधून बसून राहिले.

आता त्याच शरणपूर रोडवरून जाणाऱ्या रिक्षात बसून आपण कॅनडा कॉर्नरला उतरतो आणि तिथल्या एजंटाकडे कॅनडाच्या व्हिसाची चौकशी करतो. काळाची थट्टा याहून सोपी करून सांगता येणार नाही.

व्हिसावरून आठवलं. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली छापून निघालं, आणि १६१९ साली ते तिथेच वारले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नाही की परतीचं तिकीट दाखवा. आम्हाला अमेरिकेच्या दारात सहा महिन्यांचा शिक्का. कॅनडा मात्र आईबापांना सुपर व्हिसा देतो, २०२२ पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षं राहता येतं. आमच्या गल्लीत ही बातमी पोचली तेव्हा सासवांना आनंद झाला. टोरांटोच्या सुनांचं मत कुणी विचारलं नाही.

आमचे हे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले. देशभरातल्या लोकांचे पासपोर्ट जिथे छापतात तिथे सारी नोकरी झाली, पण स्वतःचा पासपोर्ट काढला तो लेकीला दिवस गेले तेव्हा. पोस्टमननं पाकीट हातात दिल्यावर यांनी आधी पान उजेडाकडे धरून कागद पाहिला, शिवण पाहिली, छपाई पाहिली. "काम चांगलं झालंय," म्हणाले. मग मला हळूच म्हणावं लागलं की अहो, आत फोटो तुमचाच आहे का तेही बघा.

मुंबईच्या व्हिसा मुलाखतीला जाताना एजंटानं आम्हाला पढवून ठेवलं होतं, "नातवंड सांभाळायला चाललोय असं तोंडातून काढायचं नाही. साइटसीइंग म्हणायचं." त्यामुळे पहिल्या खेपेला आम्ही साइटसीइंग केलं. दुपट्यातलं.

आता बॅगांचं. एकीत पोट आणि एकीत परमेश्वर, अशी आमची वाटणी. पोटाच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, चिवडा. परमेश्वराच्या बॅगेत समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र, जानवी, अष्टगंध, घरी वळलेल्या फुलवाती, पोथी आणि रामकुंडाच्या पाण्याची टेप गुंडाळून गुंडाळून चेंडू झालेली बाटली. लेक फोनवर ओरडत असते, "आई, इथे पटेल ब्रदर्समध्ये सगळं मिळतं!" मिळतं हे मलाही माहीत आहे. पण वात कुणी वळली, वळताना तोंडात देवाचं नाव होतं की मालिकेतल्या सुनेचं, हे पाकिटावर छापत नाहीत.

काट्यावर वजन दीड किलो जास्त भरलं. समई काढायची की लाडू, असा पेच. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "देव उपाशी राहील, जावई राहायचे नाहीत." समई घरी राहिली.

बाळकृष्ण मात्र माझ्या हँडबॅगेत. चार बोटांचा, पितळी, सासूबाईंच्या माहेरून आलेला. मुंबई विमानतळावर यंत्रानं तो अचूक पकडला. सुरक्षेवरच्या मुलीनं बॅग उघडायला लावली, टॉवेल सोडला, आतला फडका सोडला आणि रांगणारा बाळकृष्ण हातात येताच तिनं आधी हातमोजा काढला. मग मूर्ती कपाळाला लावून मला परत दिली. माझे बूट, बांगड्या आणि गुडघ्याचा पट्टा मात्र तिनं सोडला नाही. नेवार्कला याच्या उलट. तिथे एक लहानसं बीगल कुत्रं सामान हुंगत फिरत असतं. फळं, मांस, रोपं असलं काही सापडलं की ते शहाण्यासारखं त्या बॅगेशेजारी बसतं. आमच्या बॅगेपाशी आलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं, बसावं की न बसावं अशा विचारात पडलं आणि शेवटी जोरात शिंकून पुढे गेलं. मेतकुटावर त्याचं शिक्षण झालेलं नसावं.

लेकीच्या घरी, एडिसनला, देव कपाटात आहेत. कपाट म्हणजे आपलं गोदरेजचं नव्हे, आत माणूस चालत जाईल अशी कपड्यांची खोली. एका बाजूला जावयांचे शर्ट, दुसऱ्या बाजूला लेकीचे हिवाळी कोट, मधल्या फळीवर गणपती, अन्नपूर्णा आणि स्वामी समर्थ. हे पहाटे पूजेला आत शिरत आणि दार लोटून घेत, म्हणजे घंटेनं नात उठू नये. बाहेरून ऐकणाऱ्याला कोट अथर्वशीर्ष म्हणतायत असं वाटावं. सोवळं नेसून कपड्यांच्या गर्दीतून अंग चोरत बाहेर यायचं आणि कोटाची बाही लागली की पुन्हा आंघोळ, हे पहिल्या आठवड्यात चाललं. मग गरम पाण्याचं बिल आलं आणि लोकरीला विटाळ नसतो हा शास्त्राधार यांना आठवला.

सोवळ्याच्या बाबतीत नाशिककरांनी फार ताठा दाखवू नये असं माझं मत आहे. लक्ष्मीबाई टिळक मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यावर पोट धरून हसलो. मग २०२० साल आलं आणि आपण सगळे दुधाच्या पिशव्या साबणानं घासत उंबऱ्यात बसलो. त्याच लक्ष्मीबाई पुढे पती रेव्हरंड टिळकांमागोमाग ख्रिस्ती झाल्या, कराचीपर्यंत जाऊन राहिल्या आणि १९३६ साली नाशिकलाच वारल्या. जलालपूरच्या सोवळ्यापासून कराचीपर्यंतचा पल्ला एका बाईनं पार केला. आमचं घोडं एडिसनला कोटाच्या बाहीपाशी अडलं होतं.

तिकडच्या धर्मातली सगळ्यांत जागृत देवता म्हणजे स्मोक डिटेक्टर. छताला चिकटून असते, डोळा लाल, आणि कोपायला निमित्त लागत नाही. फोडणीला कोपते, उदबत्तीला कोपते, कापराला तर तत्काळ. त्यामुळे आरतीची रचना तिकडे बदलली आहे. स्वयंपाकघरातला पंखा चालू, खिडकी उघडी, आरती माझ्या हातात, टाळ यांच्याकडे, टाळ्या नातीकडे, आणि जावई पाट सोडून थेट डिटेक्टरखाली उभे, दोन्ही हातांत पिझ्झाचं खोकं धरून वारा घालतायत. पहिल्या वेळी मला वाटलं, देवाला चवरी ढाळतायत, काय भाव आहे मुलाचा!

आषाढीला वेगळीच पंचाईत झाली. एकादशी कोणती ते त्या त्या गावच्या सूर्योदयाला कोणती तिथी आहे त्यावर ठरतं. एडिसनचा सूर्य आपल्यापेक्षा नऊएक तास उशिरा उगवतो, तेवढ्यात तिथी पुढे सरकलेली असते. म्हणून तिकडची एकादशी कधी कधी आपल्या आदल्या तारखेला येते. यांनी दाते पंचांग नाशिकहून नेलेलं, देवळाच्या कॅलेंडरवर दुसरीच तारीख. इकडे कॉलनीतून फोन. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते ती आपल्या नाशिकातूनच पुढे जाते, तिचे व्हिडिओ कधीचे येऊन पडलेले. हे दोन दिवस अस्वस्थ. शेवटी निकाल दिला की दोन्ही धरायच्या, कुठल्याच पांडुरंगाची नाराजी नको. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, इथे एकादशीच दुप्पट झाली, खाण्याचा हिशेब तुम्हीच करा. साबुदाणा भिजवून भिजवून माझी बोटं पांढरी पडली.

नव्या घराची सत्यनारायणाची पूजा राहिली होती, ती आम्ही असताना उरकायची ठरली. शनिवारी अर्थातच. सत्यनारायणाला तिथीची अट नाही हे त्या देवाचे अमेरिकेवर थोर उपकार आहेत. गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासतात. गाडीतून आले ते अर्ध्या चड्डीत, गराजमध्ये सोवळं नेसून तयार. मंत्र मात्र असे खणखणीत की मी आमच्या पंचवटीतल्या भटजींशी मनातल्या मनात तुलना करून गप्प बसले. दक्षिणा फोनवरून गेली.

खरा प्रसंग प्रसादाला आला. सव्वा वाटीच्या मापानं साजूक तुपातला शिरा केला होता, केळं घालून, वर बदाम-बेदाणे. पहिल्या पाहुणीनं नम्रपणे विचारलं, "काकू, यात नट्स आहेत?" आहेत, बदाम. तिच्या मुलाला चालत नव्हते. दुसरीला गहू चालत नव्हता. तिसरा तरुण प्राण्यांपासून आलेलं काहीच घेत नव्हता, म्हणजे तूप बाद. मी वाटीतून एकेक पदार्थ वजा करत गेले. त्या तरुणाच्या हातावर शेवटी उरलं ते केळ्याचं काप आणि तुळशीचं पान. पोथीत साधुवाण्याच्या कलावतीनं प्रसाद न घेता धाव घेतली तर नवऱ्याचं जहाज बुडालं होतं. इथे अर्ध्या मांडवानं प्रसाद नाकारला. मी बराच वेळ खिडकीतून पार्किंगकडे बघत होते. सगळ्यांच्या गाड्या सुरळीत निघून गेल्या. देवानं नियम बदलले असावेत, आम्हाला कळवायचं राहिलं असेल.

मिशन म्हटलं की धर्मांतर करायला कुणीतरी हवंच. आमच्या वाट्याला एकच जीव होता, चार वर्षांची नात. रात्री झोपताना तिला मी आमच्या गावच्या गोष्टी सांगायची. पंचवटीत राम, सीता आणि लक्ष्मण राहत होते, तिथे शूर्पणखा आली, मग लक्ष्मणानं काय केलं... यांना गोष्ट रंगवायची फार हौस. कोपऱ्यातून आवाज आला, "सटकन नाक कापलं! बरंच झालं!" नात खूश होऊन झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला नातीच्या शाळेतून फोन. गोल करून बसवलेल्या मुलांना बाईंनी विचारलं होतं, तुमचे आजी-आजोबा कुठे राहतात? आमच्या कन्यारत्नानं इंग्रजीत स्वच्छ सांगितलं की माझ्या आजीच्या गावात एका बाईचं नाक कापलं आणि आजोबा म्हणाले, बरंच झालं. बाईंचा आवाज फार गोड होता म्हणे. घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं.

लेकीनं अर्धा तास रामायण समजावून सांगितलं. संध्याकाळी घरात आल्या आल्या पर्स ठेवायच्या आधी म्हणाली, "बाबा, तुम्ही उद्यापासून गोष्टीच्या वेळी खाली बसायचं." त्यानंतर मी फक्त सेतूची आणि खारीची गोष्ट सांगते. तिच्यात अजून तरी कुणाची तक्रार आलेली नाही.

खरेखुरे ज्येष्ठ मिशनरी मला भेटले ते पार्कातल्या बाकावर. नात घसरगुंडीवर, मी बाकावर, शेजारी एक पांढऱ्या केसांचं गोरं जोडपं. दोघांच्या छातीवर काळी नावपट्टी. बोलता बोलता कळलं, मॉर्मन पंथाचे, घर युटाला. त्यांच्यात अशी रीत आहे की निवृत्त जोडपी उतारवयात मिशनवर निघतात, सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत, आणि तेही बहुतेक स्वतःच्या खर्चानं. आपण ज्यांना दारावर बघतो ती पांढऱ्या शर्टातली पोरं वेगळी, हे लोक मुख्यतः कचेरीचं, मदतीचं, लोकांना धरून ठेवण्याचं काम करतात. बाईंनी मला विचारलं, तुम्ही इथे कशासाठी? म्हटलं, नातीसाठी. किती दिवस? सहा महिने. त्या हसून म्हणाल्या, आमच्यासारखंच की. तुम्हाला कुणी पाठवलं?

माझं इंग्रजी बँकेतल्या खिडकीपुरतं. म्हटलं, लेकीनं. तिकीट तिचं.

त्यांचे गृहस्थ आणि आमचे हे यांचं चांगलं जमलं. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती. बाईंनी मला एक छोटं पुस्तक दिलं, मी त्यांना डबीतला डिंकाचा लाडू. त्यांनी आधी विचारलं, यात काय आहे? मी सांगायला लागले आणि डिंकाशी अडले. झाडाचा रस वाळवून तळतात, असं हातवारे करून सांगितलं. ती माऊली क्षणभर थबकली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि लाडू खाल्ला. श्रद्धा म्हणतात ती हीच. पुस्तक मी चाळलं, चित्रं छान होती. पुढच्या आठवड्यात त्या रिकामी डबी परत घेऊन आल्या, आत घरी केलेली बिस्किटं. रिकामी डबी परत करायची नाही हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे, पण मी त्या दिवशी त्यांना आपल्यात घेऊन टाकलं. अर्थात त्यांना न सांगता.

अशीच एक वल्ली न्यू जर्सीत आमच्याआधी होऊन गेली आहे. एडिसनपासून गाडीनं तासाभराच्या आत समिट नावाचं गाव लागतं. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट आयुष्याची उमेदीची वर्षं आपल्याकडे धर्मप्रसार करून म्हातारपणी त्या गावी जाऊन राहिले. माणसानं आता काय करावं? तिथे बसून त्यांनी भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशी आपली संतमंडळी एकामागून एक इंग्रजीत आणली, आणि १९२६पासून ती पुस्तकं समिटहून स्वतःच प्रसिद्ध करायला लागले. १९३२ साली ते गेले. महिपतीबोवांच्या 'भक्तविजया'चं काम त्यांच्यामागून बाहेर पडलं. मुंबईत कोणाचं किती धर्मांतर झालं याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. समिटमध्ये एक झालं होतं हे उघड आहे. लेकीला म्हटलं, मला ते गाव बघायचंय. ती म्हणाली, "आई, तिथे काही नाहीये, फक्त झाडं आणि महागडी घरं." जावई घेऊन गेले. झाडं आणि महागडी घरंच होती. एका कोपऱ्यावर गाडी थांबवून यांनी उगाचच हात जोडले, समोर पोस्ट ऑफिस होतं.

सहा महिने भरले की शिक्क्याप्रमाणे परत. आणि इथूनच गंमत सुरू होते. जाताना नाशिकचा धर्म तिकडे नेलेला हा मिशनरी, येताना तिकडचा धर्म नाशिकला आणतो, आणि या दुसऱ्या धर्माचा प्रचार तो जास्त जोरात करतो. आमच्या ह्यांनी आल्या आल्या जेट लॅगमध्येच रिक्षावाल्याला लेनची शिस्त सांगितली. सीबीएसच्या सिग्नलला! तो बिचारा मान वळवून यांच्याकडे बघायला लागला आणि रिक्षा तिसऱ्याच लेनमध्ये गेली. चहा झाल्यावर हे आता कप स्वतः विसळून ठेवतात आणि मी बघितलं की नाही ते बघतात. भाजीवालीला थँक्यू म्हणतात. तिनं मला एकीकडे घेऊन विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना? हास्यक्लबात जानेवारीपर्यंत हसणं कमी आणि प्रवचनं जास्त. एक म्हणतो तिकडे हॉर्न वाजवत नाहीत, दुसरा म्हणतो तिकडे ओला कचरा वेगळा. जिचा मुलगा सातपूरला आहे ती बाई हे सगळं ऐकून घेते आणि आपली तुळस पाण्यावाचून वाळली त्याचा जाब कुणाला विचारावा याचा विचार करते. तिची तुळस विसरली ती जगाच्या तुळशी सांभाळण्यात.

दोन-तीन महिन्यांत हे सगळं उतरतं. मकरसंक्रांतीपर्यंत आमचे हेही हॉर्न वाजवायला लागतात. कप तेवढे विसळतात अजून. एवढं एक धर्मांतर टिकलं, मी तक्रार करणार नाही.

येत्या एप्रिलात ज्यांची तिकिटं निघाली आहेत त्यांना एक कळकळीची विनंती. समई नेऊ नका. एडिसनच्या प्रत्येक कपाटात तीन तरी आहेत, एक तुमची मागच्या खेपेची, एक विहीणबाईंची, एक कुणीतरी लग्नात दिलेली. त्या वजनात आपल्या नाशिकचे बेदाणे न्या. प्रसादाला चालतात, उपासाला चालतात, नातवंडांच्या डब्यात चालतात, आणि बेदाणे चालत नाहीत असं म्हणणारा पाहुणा मला तिकडे अजून भेटलेला नाही. आणि जाण्याआधी शेजारणीला तुळशीचं सांगताना तिच्या तुळशीला पाणी कोण घालणार तेही विचारून घ्या.